रंगीत पानांतील बलवंत

आईबापांची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. मुलगा शाळेतून घरी येतो, दप्तर कोपऱ्यात टाकतो, आणि हातपाय धुण्याचेही भान न ठेवता कुणाकडून तरी मागून आणलेले चित्रांचे पुस्तक उघडून बसतो. आई हाक मारते. ओ मिळत नाही. त्या पुस्तकात असते तरी काय? अंगाला घट्ट बसणारा रंगीत पोशाख घातलेला कोणी धिप्पाड पुरुष इमारतींवरून उड्या मारतो, मोटारी उचलतो आणि दुष्टांस ठोसे लगावतो. “यातून पोराच्या पदरात काय पडणार?” असे बाप विचारतो, आणि त्याच्या सुरावरूनच पुस्तकाची रवानगी आता चुलीत होणार, हे मुलास कळून चुकते.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु उत्तर देण्यापूर्वी आम्ही एक कबुली देऊन टाकतो. ही पुस्तके आम्हीही वाचतो, आणि आवडीने वाचतो. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला १९६४ साली सुरू झाली व १९९० साली बंद पडली. त्या काळात मराठीतून वेताळाच्या कथा ज्यांनी चोरून वाचल्या, असे आजोबा आमच्या वाचकांतही असतील. नातवाच्या हातातील पुस्तक पाहून त्यांनी तरी कपाळाला आठ्या घालू नयेत!

अमेरिकेत या चित्रकथांची स्वतंत्र दुकाने आहेत. नवी पुस्तके तेथे बहुधा बुधवारी येतात. शौकीन मनुष्य आपला गठ्ठा घरी नेतो, वाचून काढतो, आणि या खेपेस कोणते पुस्तक सरस ठरले ते मित्रांस हौसेने सांगतो. या आठवड्यात आम्हीही तसाच एक गठ्ठा पुढे ओढला. मात्र तो नव्या पुस्तकांचा नव्हता. पूर्वी वाचलेली पुस्तके आम्ही पुन्हा वाचली आणि त्यांतून पाच बाजूला काढली. निवड संपल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. पाचही पुस्तकांचे नायक बलवान आहेत, तरी त्यांतील जे पान आमच्या मनात घर करून राहिले, ते एकदाही मारामारीचे नव्हते. असे का व्हावे, याचा विचार करता करताच हा लेख झाला.

पहिले पुस्तक: एक कागद वेळेवर पोचतो

‘ॲक्शन कॉमिक्स’ या मासिकाचा पहिला अंक १९३८ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत विक्रीस आला. किंमत दहा सेंट. मुखपृष्ठावर निळ्या-तांबड्या पोशाखातील एक पुरुष आख्खी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटीत आहे. हाच सुपरमॅन. त्या काळी त्याला उडता येत नसे. तो केवळ लांब लांब उड्या मारी.

कथेच्या आरंभी एका निरपराध स्त्रीला त्याच रात्री देहान्ताची शिक्षा व्हावयाची आहे. खरा गुन्हेगार कोण, हे सुपरमॅनने शोधून काढले आहे आणि त्याचा लेखी कबुलीजबाबही मिळविला आहे. राज्यपाल झोपले आहेत, नोकर त्यांना उठवू देत नाही, शयनगृहाला पोलादी दार आहे, आणि घड्याळाचा काटा पुढे सरकतो आहे. सुपरमॅन दार मोडून आत जातो व कागद पुढे ठेवतो. राज्यपाल तुरुंगाला दूरध्वनी करतात; बाईचे प्राण वाचतात. जगातील सर्वांत बलिष्ठ पुरुषाच्या पहिल्या कथेत त्याचे बळ खर्च होते ते एक कागद वेळेवर पोचविण्यासाठी! हे आम्हांस फार आवडले.

हा नायक ज्यांनी घडविला ते जेरी सीगल व जो शुस्टर क्लीव्हलंड शहरातील गरीब ज्यू कुटुंबांतले तरुण होते. १९३२ साली सीगलच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले, आणि त्या प्रसंगी हृदयविकाराचा झटका येऊन ते मरण पावले. पुढे त्यांच्या मुलाने कोणत्याही चोराला न डगमगणारा पुरुष कल्पिला, यात पुष्कळांना त्या रात्रीची सावली दिसते. दोघांनी सुपरमॅनचे सर्व हक्क प्रकाशकास १३० डॉलर्सला देऊन टाकले. पुढे त्या नावावर इतरांनी अमाप पैसा कमावला. या दोघांनी मात्र न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या आणि उतारवयात हलाखी सोसली. वर्तमानपत्रांतून गवगवा झाल्यावर, १९७५ साली, मालक कंपनीने प्रत्येकास दरसाल २०,००० डॉलर्स देऊ केले आणि त्यांची नावे पुन्हा पुस्तकावर छापण्याचे मान्य केले. त्या पहिल्या अंकाची एक जुनी प्रत २०२४ साली ६० लाख डॉलर्सला विकली गेली. कष्ट कोणाचे आणि धान्य कोणाच्या कणगीत, हे शेतकऱ्याच्या घरी निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मुलास सुपरमॅनची गोष्ट सांगाल तेव्हा या दोघांची गोष्टही अवश्य सांगा.

आगीत टाकलेली पुस्तके

दुसऱ्या पुस्तकाकडे वळण्यापूर्वी एका दुःखद प्रकरणाकडे वळले पाहिजे, कारण चुलीकडे निघालेल्या बापाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

सुपरमॅनच्या यशानंतर अमेरिकेत चित्रकथांचे पेव फुटले. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्यांत गुन्हेगारीच्या व भीषण कथांची भर पडली, आणि त्यांतील कित्येक चित्रे खरोखरच किळसवाणी होती. पालक घाबरले, शिक्षक घाबरले. १९४८ साली डिसेंबर महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी कॅथलिक शाळेच्या मुलांनी घरोघर फिरून अशी पुस्तके गोळा केली आणि शाळेच्या आवारात त्यांची होळी केली. सुमारे दोन हजार पुस्तके जळाली. हेतू चांगला होता, याविषयी आम्हांस शंका नाही. पण ज्या राजवटीने चौकाचौकांत पुस्तके जाळली तिचा पराभव होऊन त्या वेळी पुरती चार वर्षेही झाली नव्हती, हे स्मरले म्हणजे मन खिन्न होते. शिवाय आगीला निवड करता येत नाही. गळा कापल्याचे चित्र आणि निरपराध बाईची सुटका तिला सारखीच.

१९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी एक ग्रंथ लिहून चित्रकथांमुळे मुले बिघडतात असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे या विषयाची जाहीर चौकशी झाली. डॉ. वर्थम हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील गोरगरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी १९४६ साली मानसोपचाराचे केंद्र उघडले होते. तथापि कॅरल टिली या संशोधिकेने त्यांची जुनी टिपणे तपासून २०१२ साली दाखवून दिले की, आपले म्हणणे सिद्ध व्हावे म्हणून त्यांनी मुलांच्या सांगण्यात फेरफार केले होते, काही भाग गाळलाही होता. चांगल्या कामासाठी खोट्याचा टेकू घेतला म्हणजे ते काम पुढे कधी तरी खचतेच.

चौकशीनंतर प्रकाशकांनी स्वतःच एक नियमावली केली आणि तीत उतरणाऱ्या पुस्तकांवर शिक्का मारण्यास आरंभ केला. त्याने घाण पुष्कळ कमी झाली. पण शिक्का आंधळा असतो. १९७१ साली सरकारी आरोग्यखात्याच्या विनंतीवरून स्पायडरमॅनच्या तीन अंकांत अमली पदार्थांच्या व्यसनाचे दुष्परिणाम दाखविण्यात आले. नियमावलीच्या चौकटीत तो विषय बसत नाही, असे ठरवून शिक्का नाकारला गेला! प्रकाशकांनी ते अंक शिक्क्यावाचूनच काढले, आणि त्याच वर्षी नियम सैल करावे लागले. अखेर २०११ साली ती नियमावली पार मोडीत निघाली.

याच काळात दुसरा एक मार्गही कोणी चोखाळला होता. अमेरिकेतील कॅथलिक शाळांतून १९४६ ते १९७२ या वर्षांत ‘ट्रेझर चेस्ट’ नावाचे चित्रकथांचे नियतकालिक मुलांस मिळत असे. १९६४ साली त्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराची क्रमशः कथा आली. त्याचा चेहरा शेवटपर्यंत दाखविला नव्हता. अखेरच्या भागात कळते की तो कृष्णवर्णीय आहे. चित्रकार जो सिनॉट. महाबली वीरांच्या ‘फँटास्टिक फोर’ या मालिकेवरही याच सिनॉट यांचा हात पुढे अनेक वर्षे फिरला. होळी पेटविणाऱ्यांपेक्षा मुलांच्या हाती बरे पुस्तक देणाऱ्यांनी अधिक काम केले, असे आम्हांस वाटते.

दुसरे पुस्तक: सुटून गेलेला चोर

स्पायडरमॅनचा जन्म ‘अमेझिंग फँटसी’ या मासिकाच्या १५ व्या अंकात झाला. अंकावर महिना ऑगस्ट १९६२. लेखन स्टॅन ली यांचे, चित्रे स्टीव्ह डिटको यांची. पीटर पार्कर हा पोरका मुलगा काका-काकूंच्या घरी वाढलेला, अभ्यासात हुशार, पण सवंगड्यांत एकटा पडलेला. किरणोत्सर्गाची बाधा झालेला एक कोळी त्याला चावतो आणि कोळ्याचे गुण त्याच्या अंगी येतात: भिंतीवर चढावे, कितीही भार उचलावा.

आणि हा मुलगा प्रथम करतो काय? दूरचित्रवाणीवर खेळ करून पैसे मिळवू लागतो. एके दिवशी पोलीस एका चोराचा पाठलाग करीत येतो आणि “त्याला अडव” म्हणून ओरडतो. पीटर हात बांधून उभा राहतो. आपल्याला काय त्याचे? थोड्याच दिवसांनी त्याच्या काकांचा खून होतो. खुन्याला तो पकडतो, चेहरा पाहतो, आणि पाहतो तर हा तोच चोर! मुखवट्याआडचे ते थिजलेले डोळे हे आमच्या आवडीचे दुसरे पान. पदरी जितके बळ, तितके दुसऱ्याचे ऋण अंगावर, हा धडा त्याला काका गमावून मिळतो. “आपल्याला काय त्याचे” हे वाक्य आमच्याही गावांतून काही कमी वेळा ऐकू येत नाही.

तिसरे पुस्तक: रात्रीचा पाहुणा

‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा २४८ वा अंक, जानेवारी १९८४. रॉजर स्टर्न यांनी लिहिलेली व रॉन फ्रेन्झ यांनी चितारलेली एक छोटी कथा या अंकाच्या उत्तरार्धात आहे. टिम नावाचा नऊ वर्षांचा मुलगा स्पायडरमॅनविषयी वर्तमानपत्रांत येणारे प्रत्येक कात्रण चिकटवून ठेवतो. एका रात्री खिडकीतून साक्षात स्पायडरमॅनच त्याच्या खोलीत येतो. दोघे कात्रणे पाहतात, गप्पा मारतात. काकांच्या मृत्यूत आपला दोष कसा होता, हेही तो मुलापासून लपवीत नाही. निघताना टिम विचारतो, तू खरा कोण? जे गुपित त्याने शत्रूंपासून प्राणपणाने जपले, ते तो या मुलापुढे उघड करतो. मुखवटा काढतो, नाव सांगतो. मुलाला जवळ घेऊन तो निरोप घेतो. शेवटच्या चित्रात तो बाहेर भिंतीवर टेकलेला दिसतो, आणि तेव्हा कळते की ते कर्करोगाच्या रुग्णांचे इस्पितळ आहे आणि त्या मुलाचे थोडेच आठवडे उरले आहेत.

येथे ठोसा कोणाला मारणार? रक्ताच्या कर्करोगापुढे त्याचे बळ शून्य आहे. तो केवळ येऊन बसला. ज्यांनी आजाऱ्याच्या उशाशी रात्री काढल्या आहेत, त्यांना हे बसणे किती अवघड असते ते ठाऊक आहे. नातलग पुष्कळदा भेटीस येण्याचे टाळतात ते दुष्टपणाने नव्हे; काय बोलावे हे न सुचल्यामुळे. त्यांनी ही कथा वाचावी.

चौथे पुस्तक: हिशेब न मागणारा

‘डेअरडेव्हिल’ १९६४ साली सुरू झाला. एका वृद्धाला गाडीखालून वाचविताना मॅट मर्डॉक या मुलाची दृष्टी जाते. मात्र त्याचे कान इतके तीक्ष्ण होतात की समोरच्याच्या काळजाचे ठोके त्याला ऐकू यावेत. मोठेपणी तो वकील होतो, आणि रात्री वेष पालटून गल्लीबोळांतील गुंडांशी झुंजतो. वीरांच्या या मांदियाळीत ज्याचा कॅथलिक धर्म कथेच्या गाभ्यापर्यंत पोचतो, असा हा एक नायक.

१९८६ सालच्या २२७ ते २३१ या अंकांतील कथा फ्रँक मिलर यांनी लिहिली व डेव्हिड मॅझुकेली यांनी चितारली. पूर्वीची त्याची प्रेयसी कॅरेन व्यसनाच्या आहारी जाते आणि अमली पदार्थाच्या एका मात्रेसाठी त्याचे गुपित विकते. ते शत्रूच्या हाती पडते. मॅटची वकिलीची सनद जाते, पैसा जातो, घर उद्ध्वस्त होते, बुद्धीही ताळ्यावर राहत नाही. मरणोन्मुख अवस्थेत त्याला एका चर्चच्या आश्रयस्थानात मॅगी नावाची धर्मभगिनी शुश्रूषा करून वाचविते. “तू माझी आई आहेस का?” असे तो तिला विचारतो. ती नाही म्हणते. पण तिच्या काळजाचा ठोका चुकतो आणि त्याला सत्य कळते. पुढे कॅरेन समोर येते, भयाने व लाजेने चूर झालेली. तिच्यापायी ज्याचे सर्वस्व गेले, तो तिला हिशेब विचारीत नाही, जवळ घेतो. आमचे चौथे पान हेच.

हे पुस्तक लहान मुलांच्या हाती देण्यासारखे नाही, हे स्पष्ट सांगतो. त्यात हिंसा आहे, व्यसनाची विटंबना आहे. पण ज्या घरात कोणी दारूच्या पायी घर विकले आहे, त्या घरातील मोठ्या माणसांना ते परके वाटणार नाही.

पाचवे पुस्तक: इमारतीच्या कडेवर

‘ऑल-स्टार सुपरमॅन’चा दहावा अंक, वर्ष २००८. लेखक ग्रँट मॉरिसन, चित्रकार फ्रँक क्वाइटली. येथे सुपरमॅन स्वतःच मरणाच्या वाटेवर आहे. सूर्याचे तेज अतोनात शोषल्यामुळे त्याचे शरीर आतून जळत आहे, आणि उरलेल्या दिवसांत तो एकेक काम हातावेगळे करीत आहे. त्या धावपळीत एक पान येते. एक तरुण मुलगी उंच इमारतीच्या कडेवर एकटी उभी आहे. तिच्या मागे तो येऊन उभा राहतो. तिचे डॉक्टर मुद्दाम आले नाहीत असे नाही, ते खरोखर अडकून पडले, एवढेच प्रथम सांगतो. मग तू समजतेस तितकी तू दुबळी नाहीस, अशा अर्थाचे दोन शब्द बोलतो. मुलगी वळते आणि त्याच्या मिठीत शिरते. बस्स, इतकेच. एका पानात सारे संपते.

या पुरुषाला पर्वत हलविता येतात. पण त्या मुलीला खाली ओढून आणून भागले नसते. तिला कोणी तरी ऐकून घ्यावयास हवे होते. आपल्या घरातील एखादे मूल परीक्षेच्या निकालानंतर किंवा दुसऱ्या कशाने अचानक अबोल झाले, जेवणावरून उठू लागले, तर रागे भरण्याआधी जवळ बसावे, आणि डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नये, इतके या एका पानावरून शिकता येते.

मग पुस्तकाचे करावे काय?

प्रत्येक चित्रकथा अशी नसते. पुष्कळशा केवळ धंद्याच्या असतात: महिन्यामागून महिना तेच शत्रू, तेच ठोसे, आणि पुढचा अंक विकत घ्यावा म्हणून शेवटी ताणून धरलेली उत्कंठा. काहींतील चित्रे मुलांनी पाहण्याजोगी नसतात. म्हणून आईबापांनी डोळे मिटून घ्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. पण पारख करावयाची तर पुस्तक उघडावे लागते, आणि चुलीत टाकण्यासाठी ते उघडावे लागत नाही; बहुधा म्हणूनच चूल सोपी वाटते.

तेव्हा आईबापहो, मूल पुस्तक घेऊन बसले म्हणजे एकदा त्याच्या शेजारी बसा. अक्षरे वाचता येत नसली तरी चित्रे पाहता येतात, आजीलाही येतात. “यात तुला कोणते पान सर्वांत आवडले?” एवढेच विचारा. त्याने ठोशाचे पान दाखविले तर रागावू नका. त्या वयात ते साहजिक आहे. “हा इतका बलवान आहे, तर याला कशाचे भय वाटते? याला काय जमत नाही?” असे पुढे विचारा. मूल थोडा वेळ विचार करील, पाने उलटील. मग ते जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. कदाचित ते पुस्तकाविषयी सांगता सांगता, शाळेत त्याला कोण छळते, किंवा रात्री त्याला कशाची भीती वाटते, तेही सांगून जाईल. दिवेलागणीची प्रार्थना आणि जेवण यांमध्ये एवढा वेळ निघण्यास हरकत नाही.